न जुळलेली सही

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मेयी लारालदे तव्यात अंडं फोडत होती, तेव्हा फोनवर जिल्ह्याच्या निवडणूक ऑफिसाचा निरोप आला. टपालानं आलेल्या तुमच्या मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही आमच्या नोंदीतल्या तुमच्या सहीशी जुळत नाही. येत्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत ही सही तुमचीच आहे याची खात्री करून दिली नाहीत, तर तुमचं मत मोजलं जाणार नाही. खाली ऑफिसचा पत्ता, एक नंबर, आणि मतदान केल्याबद्दल आभार. तिनं निरोप दोनदा वाचला. अंड्याच्या टरफलाचा तुकडा तव्यात पडला होता. तो काढायला गेली तर बोट थरथरत कडेला लागलं आणि चटका बसला. नळाखाली हात धरून ती स्वतःशीच म्हणाली, "माझी नाही तर मग कुणाची?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज तिनं दोन दिवसांपूर्वीच बंद केला होता. पडद्यावर तिच्याच राज्याचा नकाशा होता, नेवाडाचा, खाली टोक असलेला, आणि तो अजून ना एका पक्षाचा लाल झाला होता ना दुसऱ्याचा निळा. बाकीच्या देशानं मंगळवारी रात्रीच आपापला निकाल देऊन टाकला होता आणि आता सगळे या वाळवंटाकडे डोळे लावून बसले होते. नऊशे मतांचा फरक. दुपारी आठशेचा. टपालाच्या पाकिटांचे ढीग अजून उघडायचे होते. त्यातल्या एका पाकिटावर तिचं नाव होतं आणि ते पाकीट आता बाजूला काढून ठेवलेलं होतं, एखाद्या ट्रेमध्ये, इतर संशयितांबरोबर. हे डोळ्यांसमोर आल्यावर तिला जरा हसू आलं. मग आलं नाही.

ते पाकीट तिनं ऑक्टोबरात भरलं होतं. सकाळची वेळ निवडली होती, कारण गोळी घेतल्यावर तासाभरानं हात जरा ऐकतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरून, तिनं मतपत्रिकेवरचा एकेक लंबगोल काळा केला होता. शाळा मंडळ, पाण्याचा प्रश्न, न्यायाधीश ज्यांची नावंही तिनं ऐकली नव्हती. सगळ्यात वरचा, राष्ट्राध्यक्षपदाचा लंबगोल तिनं सगळ्यात शेवटी भरला. तिथं पेन टेकवून ती बराच वेळ बसली होती. कोणाला दिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आवडत दोघंही नव्हते, पण कोरं सोडणं तिला पटेना. मग पाकीट चिकटवलं आणि उलटं करून सही केली, आणि सहीनं दगा दिला. पहिल्या अक्षराचा मोठा वळसा, जो ती सोळाव्या वर्षापासून एका झटक्यात काढत आली होती, तो मधेच अडखळला, तुटला, आणि पुढची अक्षरं एकमेकांवर चढून बसली. मुंग्यांची रांग कुणीतरी चिरडावी तशी. तिनं पाहिलं आणि म्हटलं, चालेल. सहीकडे कोण बघतंय.

आता कळलं, बघतात. यंत्र बघतं, मग दोन माणसं बघतात, एक या पक्षाचा आणि एक त्या पक्षाचा, आणि तिघंही म्हणतात की ही बाई ती बाई नव्हे. गंमत अशी की उभ्या आयुष्यात तिच्या हातांकडे माणसं बघतच आली होती. एकतीस वर्षं ती कॅसिनोत पत्ते वाटत होती. ब्लॅकजॅकचं टेबल, हिरवं कापड, डोक्यावर छतात काळे काचेचे गोळे आणि त्यात कॅमेरे. टेबल सोडताना हात एकमेकांवर हलके आपटायचे आणि दोन्ही तळवे वर करून दाखवायचे, की बघा, मी काही घेऊन जात नाही. ती सवय इतकी अंगात मुरली होती की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जेवून उठताना तिनं तसं केलं आणि रॉय खो खो हसला. "मी नाही गं तुझी झडती घेत," म्हणाला. पुढं रॉय दुसऱ्या एका बाईबरोबर आयडाहोला गेला आणि तिकडेच वारला. पण ते हसणं तिच्या लक्षात राहिलं होतं. तिचे हात सुंदर होते. हरलेली माणसंसुद्धा म्हणायची, मेयी, तुझ्या हातून हरायला बरं वाटतं. आणि मग एक दिवस, मार्च महिन्यात, भर दुपारी, एक पत्ता तिच्या बोटांतून सुटला आणि उताणा पडला. राणी होती, किलवरची. टेबलावरचे सगळे राणीकडे बघत होते आणि ती आपल्या अंगठ्याकडे. पलीकडून शिफ्टचा मुख्य ऑगस्टीन आला, पत्ता बाजूला घेतला आणि हळूच म्हणाला, "कॉफी जास्त झाली का आज?"

"झाली असेल," ती म्हणाली होती.

त्यानंतर दोन महिन्यांत तिनं गुडघ्याचं कारण सांगून नोकरी सोडली. केक कापला. सुरी तिनं ऑगस्टीनच्या हातात दिली, तूच काप म्हणाली, आणि सगळ्यांना वाटलं किती मायाळू आहे. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, हा हळू चालणारा आजार आहे, अजून बरीच वर्षं आहेत, असं म्हणाले, आणि शेवटी विचारलं, घरी कोण असतं? "मुलगी आहे," मेयी म्हणाली. ते खोटं नव्हतं. मुलगी होतीच, कोलेट, डोंगरापलीकडे शेजारच्या राज्यात, सॅक्रामेंटोला, खिंडीत बर्फ नसेल तर अडीच तासांच्या अंतरावर. तिला मेयीनं काहीच कळवलं नव्हतं. आधी वाटलं, पुढच्या भेटीत सांगू. पुढची भेट भांडणात संपली, आणि त्यानंतर भेट झालीच नाही. मग हळूहळू न सांगणं हाच घरातला एक नियम होऊन बसला. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत गेल्या. हात खिशात गेला. कप दोन्ही हातांनी धरायचा, चष्मा बसूनच पुसायचा, दुकानात कार्ड आधीच बाहेर काढून ठेवायचं. शुक्रवारी ती बास्क हॉटेलात जेवायला जायची, तिच्या आईबापांच्या मुलखातली माणसं जिथं लांबच लांब टेबलांवर अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून जेवतात आणि सूपचं मोठं भांडं हातोहात पुढं जातं. ते तिनं सोडलं. एकदा भांडं तिच्याकडे आलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या बाहीवर सांडलं. म्हाताऱ्यानं नुसतं पुसलं. पण दुसऱ्यांदा भांडं आलं तेव्हा त्यानं ते तिच्यासमोरून उचलून थेट पलीकडच्या बाईला दिलं. त्यानंतर मेयी गेली नाही.

शुक्रवारी दुपारभर ती सही गिरवत बसली. कागदाला तोटा नव्हता. गेल्या चार महिन्यांत टपालपेटीत रोज पाच-सहा प्रचाराची पत्रकं पडत होती, जाड, चकचकीत, एका बाजूला हसरा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाचा भेसूर केलेला चेहरा. ती तिनं फेकली नव्हती. का ते तिलाही सांगता आलं नसतं. रोज काहीतरी येतंय, आपलं नाव घालून येतंय, एवढं बरं वाटायचं. चकचकीत कागदावर शाई पसरत होती. तिनं कडेच्या पांढऱ्या पट्टीवर सही केली, मग खाली, मग कुणाच्या तरी कपाळावर. हळू केली तर हात जास्त हलायचा. जोरात केली तर पेन निसटायचं. पंचवीस-तीस सह्या झाल्या आणि एकीचंही दुसरीशी नातं दिसेना. तिला बाप आठवला. मार्सेल लारालदे, युरोपातल्या पिरनीज पर्वतातून एकोणिसाव्या वर्षी मेंढ्या राखायला इथं आला. उन्हाळाभर वर डोंगरात, सोबतीला कुत्रा आणि हजारभर मेंढ्या, तीन-तीन महिने बोलायला माणूस नाही. म्हणून ते मेंढपाळ पांढऱ्या सालीच्या अॅस्पेनच्या झाडांवर चाकूनं आपलं नाव आणि वर्ष कोरून ठेवत. ती नऊ वर्षांची असताना बापानं तिला ते दाखवायला वर नेलं होतं. एका झाडाशी थांबून तो खोडाभोवती फिरत राहिला. नाव होतं, पण फुगलेलं, काळं पडलेलं, अक्षरं एकमेकांपासून लांब गेलेली, आकडे तर फाटून दोन-दोन बोटं रुंद झालेले. बाप टोपी मागं सारून म्हणाला, "मी एकदम बारीक कोरलं होतं गं. नखानं ओढल्यासारखं. मग झाड वाढलं." मग त्यानं ते नाव पुन्हा वाचलं, ओठ हलवत, परक्याचं वाचावं तसं, आणि म्हणाला, "मीच असणार. दुसरं कोण मरायला येणार होतं इथं?" मेयीला तेव्हा हसू आलं होतं. त्याचा चेहरा पडला होता, हे तिला आज, पत्रकांच्या ढिगापुढं बसल्यावर दिसलं.

शनिवारी अकरा वाजता दाराची घंटा वाजली. दारात निळी फाईल घेतलेली चाळिशीची एक बाई होती, गळ्यात लोकरीचा गळपट्टा, चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंचं हसू. तिनं नाव सांगितलं, मी ओडेट, पलीकडच्या राज्यातून पक्षाच्या कामासाठी खास आलेय. ती पुढं बोलणार तेवढ्यात फाटकाशी एक जुनी मोटार थांबली आणि लाल जाकीट घातलेला, सत्तरीचा, पाठीत थोडा वाकलेला एक माणूस उतरला. त्याच्या हातातही फाईल होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आलात का इथंही?" ओडेट म्हणाली.

"तुमच्या आधीच आलो असतो. या गल्लीचे नंबर कुणी घातलेत देव जाणे." त्यानं टोपी काढली. "बाई, मी वेंडेल. नळकाम करायचो, आता रिकामा आहे. तुमच्या सहीचं ऐकलं. ते करून टाका म्हणून सांगायला आलो."

"मीपण त्यासाठीच," ओडेट घाईनं म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे. मी गाडीतून नेते, परत सोडते."

मेयीनं उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला. "पण मी मत कोणाला दिलंय हे तुम्हाला काय माहीत?"

ओडेटनं फाईल थोडी छातीशी धरली. "म्हणजे... तुम्ही कुठल्याच पक्षात नाव घातलेलं नाही. पण आमच्या हिशेबानं तुम्ही चोपन्न टक्के आमच्या आहात."

"आमच्या यादीत एक्कावन्न टक्के," वेंडेल म्हणाला आणि स्वतःच हसला. "आता बाईंचे पाय कुणाचे आणि डोकं कुणाचं ते आपण वाटून घेऊ."

मेयी हसली. खूप दिवसांनी तिला दारात उभं राहून कुणाशी तरी बोलताना बरं वाटत होतं, आणि त्याच क्षणी तिला हेही कळत होतं की ही दोघं सहा महिन्यांपूर्वी आली नसती आणि सहा दिवसांनी येणार नाहीत. "कॉफी घेता?" तिनं विचारलं. ओडेटला अजून चौदा घरं करायची होती. वेंडेल तिच्या खिशाकडे बघत होता. खिसा हलत होता. तिनं कोपर अंगाशी दाबलं. "बघते मी. सोमवार आहे, मंगळवार आहे," असं म्हणून तिनं दार लावलं, आणि आतून दाराला पाठ टेकून दोन्ही मोटारी सुरू होऊन दूर जाईपर्यंत उभी राहिली.

कोलेटचा फोन रविवारी चारला येतो. दहा मिनिटांचा. खिंडीत बर्फ किती, गाडीच्या चाकांना बर्फासाठी साखळ्या लावल्या का, तुझा गुडघा कसा आहे. गुडघ्याला काहीही झालेलं नसल्यामुळे तो नेहमी बराच असायचा. चार वर्षांपूर्वी, मागच्या निवडणुकीनंतर, नोव्हेंबरातल्या सणाला कोलेट आली होती. भाजलेली टर्की कापून झाली होती. कोलेटनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, तू कोणाला दिलंस? मेयीला त्या प्रश्नातला सहजपणा आवडला नाही. "ते माझं मी बघते," ती म्हणाली. एवढंच. पण कोलेट नुकतीच घटस्फोटातून बाहेर पडली होती, तिनं स्वतःला पक्षाच्या कामात झोकून दिलं होतं, तिला सगळं जग दोन रांगांत उभं दिसत होतं आणि आई कुठल्याच रांगेत येईना. आवाज चढले. आजी-आजोबा काय होते, कोण कुणामुळे इथं राहू शकलं, सगळं निघालं. कोलेट भोपळ्याचं गोड सारण भरलेला ‘पाय’ भाजून घेऊन आली होती. डबा उघडलाही नव्हता, तो तसाच उचलून ती निघून गेली. मेयीला नंतर कितीतरी दिवस तो डबा आठवायचा. नेताना ती विसरली नव्हती, आठवणीनं नेला होता.

या रविवारी फोन तीनलाच आला.

"आई, तुझं नाव यादीत आहे."

"कसली यादी?"

"सह्या न जुळलेल्यांची. इथून आम्ही तुमच्या राज्यातल्या लोकांना फोन करतो ना, ती यादी. मी आपली खाली खाली जात होते, आणि लारालदे. मला वाटलं दुसरं कुणी. मग पत्ता बघितला." ती धापा टाकत होती, जिना चढून आल्यासारखी. "तुला कळवलंय ना त्यांनी?"

"कळवलंय."

"मग गेली का नाहीस? सातशेचा फरक आहे, आई. फक्त सातशे."

"जाईन."

पलीकडे कुणीतरी बोलत होतं, अनेक माणसं एकदम, बाजारासारखी. कोलेट त्यातून बाजूला झाली असावी, कारण आवाज कमी झाला. मेयी थांबली. तिला वाटलं, आता विचारेल. सही का जुळली नाही, आई? तुझी सही तर किती वळणदार आहे, लहानपणी मी प्रगतिपुस्तकावर तुझी सही नक्कल करायला जायचे आणि तो वळसा मला जमायचा नाही, काय झालं तुझ्या सहीला? तिनं उत्तरही तयार ठेवलं. अगदी साधं वाक्य, तीन शब्दांचं. ते तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"आई," कोलेट म्हणाली, "तू कोणाला दिलंयस?"

मेयीनं डोळे मिटले.

"एवढंच सांग. म्हणजे मला कळेल, मी तुला न्यायला यायचं की..." वाक्य तिथंच तुटलं. दोघींनीही ते पुरं ऐकलं.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"खिंडीत बर्फ आहे," मेयी म्हणाली. "येऊ नकोस."

सोमवारी ती कुठं गेली नाही. सकाळी अंघोळ केली, बाहेर जायचे कपडे घातले, किल्ल्या घेतल्या आणि खुर्चीत बसली. टीव्हीवर नकाशा अजून पांढराच होता. फरक सहाशेवर आला होता, बाजू बदलली होती, पुन्हा बदलली होती. कुणीतरी आकड्यांपुढं उभं राहून तावातावानं हात हलवत होतं. मेयी त्या हातांकडे बघत होती, किती मोकळे होते. तिनं मनाशी हिशेब मांडला. ऑफिसात जाऊन सांगायचं, ही माझीच सही. मग ते विचारणार, असं का झालं? मग सांगावं लागणार. कुठंतरी लिहिलं जाणार. मग गाडी चालवण्याचा परवाना जाणार. मग कोलेट येणार आणि घर बघणार, बाथरूम बघणार, जिन्याच्या तीन पायऱ्या मोजणार, आणि सॅक्रामेंटोतल्या कुठल्यातरी नीटनेटक्या जागेची माहितीपत्रकं काढून टेबलावर ठेवणार. एका मतासाठी एवढं? नाही गेलं तर काय होईल? मोजलं जाणार नाही. पण या शेवटच्या विचाराशी आल्यावर दर वेळी ती किल्ल्या पुन्हा हातात घ्यायची. मोजलं जाणार नाही. म्हाताऱ्यानं सूपचं भांडं तिच्यासमोरून उचललं होतं, तेव्हाही असंच झालं होतं. संध्याकाळी तिनं बाहेर जायचे कपडे काढून घडी करून ठेवले.

मंगळवारी दुपारी दोनला वेंडेल पुन्हा आला. या वेळी हातात फाईल नव्हती आणि जाकीटही नव्हतं, साधा चौकड्यांचा शर्ट होता.

"आम्हाला सांगितलंय, आता एक्कावन्नवाल्यांकडे जाऊ नका," तो म्हणाला. "आम्ही पुढं आहोत ना सध्या. ज्यांची खात्री आहे तेवढेच गोळा करा म्हणाले."

"मग?"

"मग काय. आलो." त्यानं पायरीवरचं वाळकं पान बुटानं बाजूला केलं. "माझ्या बायकोचा हात असाच होता. डावा. पहिली तीन वर्षं मला कळू दिलं नाही तिनं. एकाच घरात राहत होतो आम्ही, बाई. मी नळ दुरुस्त करत हिंडायचो, आणि घरात..." तो थांबला. "तुम्हाला नेऊ का? गाडीत मी राजकारण बोलत नाही, हवं तर रेडिओ बंद ठेवतो."

मेयीला एकदम खूप राग आला. कुणाचा ते कळेना. या परक्या माणसाचा, त्यानं बघितलं म्हणून. स्वतःच्या पोरीचा, तिनं बघितलं नाही म्हणून. आणि त्या रागाच्या आड, कितीतरी दिवसांत न आलेलं, रडू. तिनं खिशातून हात बाहेर काढला. मुद्दाम काढला. तो दोघांच्या मध्ये हवेत थरथरत राहिला, आणि वेंडेलनं नजर वळवली नाही.

"गाडी चालवता येते मला," ती म्हणाली.

"येत असणारच."

"आभारी आहे."

"आधी चष्मा घाला," तो म्हणाला आणि फाटक लावून गेला.

ऑफिसात पन्नास-साठ माणसं रांगेत होती. कुणी डब्यातलं खात होतं, एक मुलगी भिंतीला टेकून झोपली होती, प्लास्टर घातलेल्या हाताचा एक माणूस सगळ्यांना प्लास्टर दाखवत होता, "बघा, हे कारण, आता डाव्या हातानं काय शेक्सपिअर लिहू?" रांगेत नेमकं कोण कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. मेयीचा नंबर साडेचारला आला. टेबलामागं करड्या केसांची बाई होती, तिच्या दोरी लावलेल्या चष्म्याखाली डोळे सुजलेले, आठ दिवस झोप नसल्यासारखे. तिच्या मागं दोरीपलीकडे दोन निरीक्षक उभे होते, दोन पक्षांचे, दोघांच्या हातात वह्या. मेयीला छतातल्या काळ्या काचेच्या गोळ्यांची आठवण झाली आणि तिनं नकळत वर पाहिलं. छतात नुसते दिवे होते. बाईनं परवाना तपासला, मग पडदा तिच्याकडे वळवला. डावीकडं नऊ वर्षांपूर्वीची सही होती, उजवीकडं पाकिटावरची.

जुनी सही तिनं किती दिवसांत पाहिली नव्हती. तो वळसा. एका श्वासात काढलेला, दोरीचा फास हवेत फेकावा तसा गोल, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी लांब, बेफिकीर. लवकर गेलेल्या धाकट्या बहिणीचा फोटो अचानक समोर यावा तसं तिला झालं. किती सुंदर होती ही. हिला काहीच माहीत नव्हतं.

"दोन्ही तुमच्याच?" बाईनं विचारलं.

"दोन्ही माझ्याच."

"मग इथं खाली एकदा करा. घाई नाही, पाच वाजायला अवकाश आहे."

मेयीनं पेन घेतलं. डावा हात मनगट धरायला पुढं आला आणि तिनं तो मागं घेतला. सगळ्यांसमोर, दोरीपलीकडच्या दोघांसमोर, तिनं उजव्या हाताला त्याच्या मनासारखं जाऊ दिलं. पेन टेकलं, हललं, वळशाच्या वरच्या टोकाशी तीनदा दचकलं आणि खाली आलं. अक्षरं एकमेकांवर चढली. मागची रांग थोडी शांत झाल्यासारखी वाटली, किंवा तिलाच वाटलं. एक निरीक्षक काही लिहिणार होता, तो थांबला. सही संपायला बराच वेळ लागला. संपल्यावर तिनं पेन खाली ठेवलं, हात एकमेकांवर हलके आपटले आणि तळवे वर केले. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन तिनं ते पटकन खाली घेतले.

बाईनं कागद पडद्याशी धरला. "पाकिटावरच्याशी जुळते की. अगदी." तिनं शिक्का मारला. "आता हीच नोंदीला लावू का? म्हणजे पुढच्या खेपेला तुम्हाला यावं लागणार नाही."

"आणि ती जुनी?"

"ती निघून जाईल. एकच राहते."

मेयीनं पडद्यावरच्या डाव्या सहीकडे पाहिलं. मागून कुणीतरी खोकलं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"लावा," ती म्हणाली. "हीच लावा."

गुरुवारी दुपारी राज्याचा निकाल लागला. चारशे अकरा मतांचा फरक. नकाशाला रंग आला, आणि लगोलग पडदा दुसऱ्या शहरांकडे, नाचणाऱ्या आणि रडणाऱ्या गर्दीकडे वळला. तिचं राज्य पुन्हा कुणाच्या आठवणीत राहिलं नाही. बाहेर गल्लीत सामसूम होती. टपालपेटीत त्या दिवशी फक्त विजेचं बिल आलं. मेयीनं पत्रकांचा ढीग उचलून कागदांच्या डब्यात टाकला, चेहरे खाली करून, आणि खिडकीशी येऊन बसली. चार वाजले नव्हते आणि रविवारही नव्हता, तरी फोन वाजला.

कोलेट रडत होती. तिची बाजू हरली होती. "चारशे अकरा," ती म्हणाली. "आई, चारशे अकरा. मी एकटीनं नऊशे फोन केले."

"ऐकलं मी."

"अजून एक दिवस मिळाला असता तर." ती नाक ओढत राहिली. मेयी ऐकत राहिली. लहानपणी पडून आली की कोलेट अशीच रडायची, आधी जोरात, मग हिशेब करत. "तू गेली होतीस?" कोलेटनं विचारलं.

"गेले होते. मोजलं माझं."

आता पुढचा प्रश्न येणार. मेयीनं पाठ ताठ केली. पण पलीकडून नुसता श्वास येत होता, आणि मग कोलेट अगदी हळू म्हणाली, "बरं केलंस."

त्या दोन शब्दांत थकवा होता, बाकी काहीच नव्हतं. कदाचित त्यामुळेच मेयीला बोलता आलं.

"कोलेट, माझी सही का जुळली नव्हती, ते तू विचारलं नाहीस."

"का?" आणि मग लगेच, वेगळ्या आवाजात, "का, आई?"

"हात हलतो माझा."

पलीकडचं नाक ओढणं थांबलं. खिडकीबाहेर समोरच्या घरवाल्यानं आपल्या अंगणातली प्रचाराची पाटी उपसायला घेतली होती.

"कुठला?"

"उजवा."

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील. थोडी जास्तच."

मेयीला कोलेटच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, किंवा ते तिचंच होतं.

"आत्ता हलतोय?"

फोन डाव्या हातात होता. उजवा मांडीवर, उन्हात, उताणा पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "आत्ताही हलतोय."

कोलेटनं फोन ठेवला नाही.